समुद्रतळाचा भूकंप : मकरानची रात्र आणि मुंबईची सकाळ

भूकंप हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे तडकलेल्या भिंती, कोसळलेली छपरे आणि भेदरून रस्त्यावर आलेली माणसे उभी राहतात. भूकंप म्हणजे जमिनीवरील आपत्ती, अशीच सामान्यतः आपली समजूत असते. वस्तुतः पृथ्वीवरील अत्यंत प्रबळ भूकंपांपैकी बहुतेक समुद्राच्या तळाखाली घडून येतात. अशा भूकंपाचे घाव दोन असतात. पहिला घाव खडकांतून येतो व तो काही सेकंदांत अथवा मिनिटांत दूरवर पोहोचतो. दुसरा घाव पाण्यातून येतो. तो सावकाश येतो. कित्येकदा काही तासांनी येतो. या दोन घावांच्या मध्ये जो वेळ सापडतो, त्याचे माणसाने काय केले, यावर शेकडो जीवांचे भवितव्य अवलंबून असते.

या वेळेचे मोल समजावून घेण्यासाठी दूर जपानकडे अथवा दक्षिण अमेरिकेकडे पाहण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला या विषयाचा धडा २८ नोव्हेंबर १९४५ रोजीच मिळालेला आहे. तो धडा पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेला, ही गोष्ट निराळी.

मकरानचा किनारा

अरबी समुद्राच्या उत्तर कडेला, होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून पूर्वेस कराचीच्या जवळपासपर्यंत जो ओसाड, डोंगराळ किनारा पसरला आहे, त्यास मकरान असे म्हणतात. त्याचा पश्चिम भाग इराणात व पूर्व भाग आज पाकिस्तानात मोडतो. पाऊस अत्यल्प, वस्ती विरळ. मासेमारी हाच किनाऱ्यावरील लोकांचा मुख्य व्यवसाय. पसनी, ओर्मारा आणि ग्वादर ही तेथील बंदरांची गावे होत. यांपैकी ग्वादर हे १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाच्या ताब्यात होते.

त्या दिवशी भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी पसनीच्या दक्षिणेस समुद्रतळाखालील खडक एकाएकी सरकले. या भूकंपाचे परिमाण आज ८.१ मानले जाते. किनाऱ्यावरील गावांतील लोक गाढ झोपेत होते. धक्क्याने कित्येक घरे पडली; परंतु खरे संकट त्यानंतर आले. समुद्र किनाऱ्यावर चालून आला. पसनी येथे सरकारी इमारती आणि टपाल व तार कचेरी पाण्याने उद्ध्वस्त झाली. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की तेथील सर्वांत घातक लाटा भूकंपानंतर लगेच न येता सुमारे दीड ते दोन तासांनी आल्या. एव्हाना संकट टळले, असे ज्यांना वाटले असेल त्यांना त्या लाटांनी गाठले. मृतांच्या संख्येविषयी अंदाजांत मोठी तफावत आहे. जुन्या लिखाणात ४,००० हा आकडा आढळतो, तर पुढील अभ्यासकांनी ती संख्या सुमारे ३०० असावी असे म्हटले आहे.

या भूकंपाने किनाऱ्याचे रूपही पालटले. ओर्मारा येथे किनाऱ्याची जमीन सुमारे दोन मीटर वर उचलली गेली. समुद्रात काही लहान बेटे नव्याने वर आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील व्ही. पी. सोंधी यांनी १९४७ मध्ये या नव्या बेटांविषयी लिहिले. ही बेटे टणक खडकाची नव्हती. मकरानच्या किनाऱ्याखाली गाळाचे प्रचंड थर असून त्यांत ज्वालाग्राही वायू कोंडलेला असतो. भूकंपाने थर हलले म्हणजे हा वायू चिखलाला वर ढकलतो व चिखलाचा ज्वालामुखी निर्माण होतो. लाटांच्या माऱ्याने अशी बेटे काही काळात झिजून नाहीशी होतात. २४ सप्टेंबर २०१३ रोजी याच प्रदेशात झालेल्या भूकंपानंतर ग्वादरजवळ असेच एक बेट वर आले व काही वर्षांतच ते पुन्हा पाण्याखाली गेले.

तळ उचलला जातो तेव्हा

मकरानच्या समुद्रतळाखाली असे काय घडते? पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले असून या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. अरबस्तानचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असून मकरानच्या किनाऱ्याशी तो यूरेशियाच्या भूपट्टाखाली शिरतो. ही गती वर्षाला केवळ काही सेंटिमीटर एवढीच आहे. माणसाच्या नखाच्या वाढीशी तिची तुलना करता येईल. परंतु दोन भूपट्ट एकमेकांवरून गुळगुळीतपणे घसरत नाहीत. त्यांचे पृष्ठभाग परस्परांत अडकून बसतात. खालचा भूपट्ट पुढे सरकत राहतो आणि वरच्या भूपट्टाची कड त्याच्याबरोबर थोडी थोडी खाली ओढली जाते. शंभर वर्षांत हा ताण कित्येक मीटरांच्या विस्थापनाइतका साचतो.

बांबूची लवचीक कांब हाताने वाकवून धरावी व एकदम सोडावी, म्हणजे ती उसळून पूर्वस्थितीस येते. तसेच येथे होते. अडकलेला भाग सुटताच वरच्या भूपट्टाची कड झटक्यासरशी वर उसळते आणि तिच्यावरील समुद्राचे सारे पाणीही तेवढेच वर उचलले जाते. पाण्याची ही उचल एखाद्या मीटरचीच असली, तरी ती शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात एकाच वेळी होत असल्यामुळे उचललेल्या पाण्याचे वजन अब्जावधी टन भरते. गुरुत्वाकर्षणामुळे ते पुन्हा समपातळीस येऊ पाहते आणि त्या प्रयत्नात चारी दिशांना लाटा निघतात. या लाटांना जगभर त्सुनामी हे जपानी नाव रूढ झाले आहे. त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. समुद्राखालील प्रत्येक मोठा भूकंप अशा लाटा निर्माण करतोच असे नाही. तळ वर उचलला अथवा खाली खचला, तरच पाणी हलते. खडक केवळ आडवे सरकले, तर पाण्यास धक्का फारसा बसत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रात ८.६ परिमाणाचा भूकंप झाला. तो मकरानच्या भूकंपाहून प्रबळ होता. पण त्यातील सरकणे मुख्यतः आडवे असल्याने मोठी लाट उठली नाही.

लाटेची चाल

वाऱ्याने उठणारी लाट ही समुद्राच्या केवळ वरच्या थरातील हालचाल होय. त्सुनामीची लाट तशी नसते. तिच्यात पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सारे पाणी भाग घेते. त्यामुळे तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून राहतो. नियम सोपा आहे : पाण्याच्या खोलीला गुरुत्वीय प्रवेगाने गुणावे व गुणाकाराचे वर्गमूळ काढावे, म्हणजे लाटेचा वेग मिळतो.

खोली ३,००० मीटर धरू. गुरुत्वीय प्रवेग ९.८. गुणाकार २९,४०० व त्याचे वर्गमूळ सुमारे १७१. म्हणजे लाट सेकंदास १७१ मीटर, अर्थात ताशी सुमारे ६१७ किलोमीटर या वेगाने जाते. हा विमानास शोभणारा वेग आहे. आता खोली ६० मीटर धरू. त्याच नियमाने वेग सेकंदास सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर इतकाच येतो. हा आगगाडीचा वेग झाला.

हे गणित मुंबईस लावून पाहू. भूकंपाच्या स्थानापासून मुंबई सुमारे १,१८० किलोमीटर दूर आहे. अरबी समुद्राचा मधला भाग खोल आहे. परंतु मुंबईसमोर किनाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत समुद्र उथळ आहे. भूगोलाच्या पुस्तकांत ज्यास समुद्रबूड जमीन म्हणतात, ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर याच भागात अतिशय रुंद आहे. पहिले ८८० किलोमीटर ताशी ६१७ किलोमीटर वेगाने कापण्यास लाटेला सुमारे एक तास पंचवीस मिनिटे लागतील. उरलेले ३०० किलोमीटर ताशी ८७ किलोमीटर वेगाने कापण्यास सुमारे तीन तास सत्तावीस मिनिटे लागतील. एकूण प्रवास चार तास बावन्न मिनिटांचा. हा हिशेब ढोबळ आहे. कारण समुद्राची खोली सर्वत्र सारखी नसते. तरीही शाळेच्या फळ्यावर मांडता येईल अशा या गणिताने मुंबईत लाट येण्याची वेळ सकाळी सव्वाआठच्या आसपास निघते. प्रत्यक्षात ती केव्हा आली, हे पुढे दिसेल.

खोल समुद्रात ही लाट डोळ्यांना दिसत नाही. तिची उंची थोडी असते आणि एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर शंभर-दोनशे किलोमीटरही असू शकते. जहाजावरील माणसाला जहाज किंचित उचलले गेल्याचे भानही होत नाही. परंतु पाणी उथळ होऊ लागले, की लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागून येणारे पाणी त्यावर चढते आणि उंची वाढते. ३,००० मीटर खोलीवर अर्धा मीटर उंच असलेली लाट दहा मीटर खोलीच्या पाण्यात येईपर्यंत सुमारे दोन मीटर होते.

मुंबईची ती सकाळ

तो दिवस कार्तिक महिन्याच्या कृष्ण पक्षाच्या मध्यावरचा होता. पौर्णिमेला नऊ दिवस लोटले होते. समुद्राला उधाण येण्याची ही तिथी नव्हे; कोळी लोक ज्याला भांग म्हणतात, तशा मंद भरतीचे ते दिवस. समुद्राकडून अकल्पित असे काही व्हावे, अशी चिन्हे कोठेच नव्हती.

सकाळी सव्वाआठच्या सुमारास समुद्राचे पाणी चढू लागले. ज्यांनी ते दृश्य पाहिले, त्यांपैकी बहुतेकांनी सांगितले, की पाण्याची भिंत वगैरे काही आली नाही. नेहमीच्या भरतीसारखेच पाणी आले. फक्त जी भरती सहा तासांत यावयाची, ती पाहता पाहता आली. किनाऱ्यावर पाण्याची उंची सुमारे दोन मीटर भरली. वेसावे येथे मासे पकडणारी पाच माणसे वाहून गेली. हाजी अली येथे सहा जणांना समुद्राने ओढून नेले. खार दांडा व जुहू येथे नांगरून ठेवलेल्या होड्या दोर तुटून वाहत गेल्या. मुंबईत एकूण सुमारे १५ माणसे वाहून गेल्याची नोंद आहे.

मुंबई बंदराची मात्र हानी झाली नाही. बंदर शहराच्या पूर्वेच्या अंगास आहे. लाट पश्चिमेकडून आली. बंदरात शिरण्यासाठी तिला शहराला वळसा घालावा लागला व त्यात तिचा जोर ओसरला. अपोलो बंदरावर समुद्राची पातळी नोंदविणारे यंत्र आहे. तेथील नोंदी १८७८ पासूनच्या असून हिंदी महासागरातील अत्यंत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. त्या दिवशी या यंत्राच्या कागदावर केवळ अर्ध्या मीटरच्या आसपासची हालचाल उमटली. शहराच्या एका बाजूस माणसे वाहून जात होती आणि दुसऱ्या बाजूस धक्क्यावरचे कामकाज चालू राहण्याजोगी स्थिती होती.

कराचीस त्याच सकाळी साडेपाच, सात, सात-पन्नास आणि सव्वाआठ अशा वेळी लाटा आल्या व त्यांतील शेवटची सर्वांत मोठी होती. भारतीय हवामानशास्त्र विभागातील सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपाची व लाटांची माहिती संकलित करून विभागाच्या शास्त्रीय टिपणांत प्रसिद्ध केली. आज या घटनेविषयी जे काही सांगता येते, त्याचा मोठा आधार हे टिपण होय. पहिल्या लाटेपेक्षा मागाहून येणारी लाट मोठी का असते, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केला. कराची व मुंबई येथील यंत्रांच्या जुन्या कागदांचा त्यांनी संगणकावरील गणिताशी मेळ घातला. त्यांच्या मते लाटेची काही शक्ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात अडकून पडते. ती किनाऱ्याला धरून पुढेमागे फिरत राहते आणि पुनःपुन्हा काठावर येते.

पावणेपाच तास

आता दोन वेळा शेजारी शेजारी मांडू. भूकंप झाला ३ वाजून २६ मिनिटांनी. खडकांतून जाणारे भूकंपाचे पहिले तरंग सेकंदास सात-आठ किलोमीटर धावतात. ते सुमारे अडीच मिनिटांत, म्हणजे साडेतीनच्याही आत मुंबईच्या भूमीखाली पोहोचले. समुद्राचे पाणी पोहोचले सव्वाआठला. भूकंपाची वार्ता आणि भूकंपाचे पाणी यांच्यामध्ये सुमारे पावणेपाच तासांचे अंतर होते.

या पावणेपाच तासांत मुंबईस कोणी इशारा दिला नाही. यात कोणाचा आळस अथवा हयगय होती असे नव्हे. त्या काळी भूकंपलेखकाची नोंद बहुधा छायाचित्राच्या कागदावर घेतली जात असे. तो कागद काढावयाचा, धुवावयाचा, वाचावयाचा, यात वेळ जाई. शिवाय एका वेधशाळेच्या नोंदीवरून भूकंप किती दूर झाला एवढेच नीट कळते. तो नेमका कोठे झाला, हे ठरविण्यास निदान तीन ठिकाणच्या नोंदी जुळवाव्या लागतात. ज्या तारेने ही वार्ता यावयाची, ती तारही सुरक्षित राहिली नाही. कराची व मस्कत यांना जोडणारा समुद्रतळावरील तारेचा दोर भूकंपाने तुटला. पसनीची तार कचेरी तर पाण्यानेच नेली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मकरानला भूकंप झाला तर जुहूच्या वाळूवरून माणसांना हटवावे, ही कल्पनाच तेव्हा कोणत्याही कचेरीत अस्तित्वात नव्हती.

सर्वच भूकंप माणसाला असा वेळ देत नाहीत. जबलपूरचे उदाहरण घ्या. शहरातील कांचघरच्या वस्तीपासून सर्वांत जवळचा समुद्र सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर १ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास जबलपूर हादरले. या भूकंपाचे परिमाण ५.८ होते व नर्मदेच्या खोऱ्यातील जुन्या प्रस्तरभंगाशी त्याचा संबंध होता. त्याचे केंद्र भूपृष्ठाखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. कोसमघाट या गावाची सर्वाधिक हानी झाली आणि जबलपूर व मंडला या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४० माणसे मृत्यू पावली. येथे पहिले, सौम्य तरंग केंद्रापासून वर येण्यास सुमारे सहा सेकंद लागले आणि इमारती हलविणारे दुसरे तरंग सुमारे दहाव्या सेकंदास आले. दोहोंच्या मध्ये चार सेकंद! झोपलेला माणूस जागा होऊन उठून बसेपर्यंत ते संपतात. जबलपूरसारख्या ठिकाणी म्हणूनच रक्षण करावयाचे ते आधी : भिंती नीट बांधून, छपरे पक्की जखडून. इशाऱ्यावर तेथे विसंबता येत नाही.

मुंबईची गोष्ट निराळी होती. तेथे एकही भिंत मजबूत करण्याची गरज नव्हती. वाळूवरून व खडकांवरून माणसांनी शे-दोनशे पावले उंच जागी जावयाचे होते, एवढेच. ज्या आपत्तीतून केवळ चालत जाऊन सुटता येते, तीत माणसे वाहून गेली. कारण चालू लागा, असे सांगणारे कोणी नव्हते.

इशाऱ्याची व्यवस्था

मकरानच्या भूकंपानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १ एप्रिल १९४६ रोजी, अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळ समुद्रतळाचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी हवाई बेटांवर आदळल्या व तेथे १५९ माणसे मरण पावली. तेथेही मध्ये वेळ होता आणि तेथेही इशारा नव्हता. परंतु त्या घटनेनंतर १९४९ मध्ये हवाई येथे त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र सुरू झाले आणि पॅसिफिक महासागराकाठच्या देशांना त्याचा हळूहळू लाभ होऊ लागला.

हिंदी महासागरात मात्र अशी व्यवस्था उभी राहिली नाही. या महासागरात अशा लाटा क्वचित येतात, असे मानले गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ परिमाणाचा भूकंप झाला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचल्या त्या दोन तासांहून अधिक काळाने. तो वेळही १९४५ च्या पावणेपाच तासांप्रमाणेच रिकामा गेला. भारतात दहा हजारांहून अधिक आणि सर्व देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर भारताने हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामीच्या पूर्वसूचनेची व्यवस्था उभारली. ती २००७ मध्ये कार्यान्वित झाली. भूकंपमापकांच्या जाळ्यावरून भूकंपाचे स्थान व परिमाण काही मिनिटांत निश्चित केले जाते. खोल समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रे वरील पाण्याच्या दाबातील सूक्ष्म फरक टिपतात व लाट खरोखर उठली की नाही ते कळवितात. किनाऱ्यावरील पातळीमापके त्यास दुजोरा देतात. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी झालेल्या भूकंपाची पहिली सूचना आज चार वाजण्याच्या पुष्कळ आधी मुंबईस मिळू शकते.

परंतु सूचना केंद्रातून निघणे आणि ती वेसाव्याच्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांपर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय पसनीसारखे गाव भूकंपाच्या इतके जवळ असते, की तेथे पहिल्या लाटेपूर्वी यंत्राची सूचना वेळेवर येईलच अशी खात्री देता येत नाही. अशा ठिकाणी लोकांचे स्वतःचे ज्ञानच उपयोगी पडते. सुमात्राजवळच्या सिमुलुए बेटावर १९०७ मध्ये मोठी लाट आली होती. जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला, की टेकडीकडे धावावे, हा तेव्हाचा अनुभव तेथील वृद्धांनी मुलांना व नातवंडांना सांगत ठेवला. २००४ मध्ये लाट काही मिनिटांतच त्या बेटावर आली. बेटाची लोकसंख्या सुमारे ७८,००० होती. मृत्यू सात झाले.

मकरानच्या किनाऱ्यावरही १९४५ ची लाट पाहिलेले वृद्ध कित्येक वर्षे हयात होते. त्यांच्या आठवणी संकलित करून युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने २०१५ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. मुंबईत मात्र ती आठवण टिकली नाही. हानी थोडी होती, शहर मोठे होते आणि काळ धामधुमीचा होता. मकरानच्या तळाखालील भूपट्टाची चाल मात्र थांबलेली नाही. १९४५ नंतर तो पुन्हा ताण साठवीत आहे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, आणि सुटीत दूरच्या गावांहून समुद्र पाहावयास जाणाऱ्यांनीही, पुढील थोड्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. समुद्राजवळ असता जमीन उभे राहणे कठीण व्हावे इतक्या जोराने अथवा बराच वेळ हलली, तर सूचनेची वाट न पाहता उंच जागी जावे. पाणी भरती-ओहोटीच्या वेळेवाचून झपाट्याने मागे हटले किंवा चढू लागले, तर उघड्या पडलेल्या तळावर शिंपले व मासे वेचण्यास जाऊ नये. जमीन मुळीच हलली नाही, म्हणून धोका नाही असेही समजू नये. मुंबईची लाट बाराशे किलोमीटरांवरून आली होती. अशा वेळी अधिकृत सूचना मिळाली, तर ती मानावी व शेजाऱ्यास सांगावी. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नये. कराचीस चौथी लाट सर्वांत मोठी होती आणि ती पहिलीनंतर पावणेतीन तासांनी आली होती. तेव्हा संकट संपल्याचे अधिकाऱ्यांनी कळविल्यावाचून किनाऱ्याकडे परत फिरणे धोक्याचे होय.